साडेसहाशे शब्दांची मर्यादा

अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक अर्जात मुख्य निबंधाला 250 ते 650 शब्दांची मर्यादा आहे. 651वा शब्द हा अर्ज स्वीकारतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठांपैकी चार प्रश्न निवडायला सांगतं, प्रत्येकाला कमाल 350 शब्द. ब्रिटनमध्ये तर अक्षरं मोजतात: 4000, मधल्या मोकळ्या जागांसकट! सतरा-अठरा वर्षांचं आयुष्य एवढ्यात मावणार कसं, ही मुलांची तक्रार असते. पण ते मावावं अशी अपेक्षाच नाही. गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, उपक्रमांची यादी हे बहुतेक अर्जांत वेगळं असतं; निबंधात तेच पुन्हा आलं की शब्द वाया गेले. लांबलेला मसुदा बहुधा निवड न केल्यामुळे लांबलेला असतो. विशेषणं छाटून पन्नास शब्द वाचतील. दोनशे वाचवायचे तर एखादा प्रसंगच काढावा लागतो.

काटछाटीत लिहिणाऱ्याचा आवाज हरवतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. जोडणारे शब्द गाळून तारेच्या मजकुरासारखी वाक्यं केली की तो हरवतोच. त्यावर उपाय विषय लहान घेण्याचा: सगळी समाजसेवा सांगण्यापेक्षा एका वस्तीतली एक दुपार. जिथं मोजणी आपोआप होत नाही, तिथं चाळीस शब्द वाढले तर काय बिघडलं, असंही विचारलं जातं. बिघडतं ते एवढंच, की इतरांनी पाळलेली सूचना आपण पाळली नाही, हे वाचणाऱ्याला दिसतं. उलट, 650 भरलेच पाहिजेत असंही नाही. 520 शब्दांत सांगून झालं असेल तर तिथंच थांबावं.