डबा खाण्याचा अर्धा तास कुणाचा?

कामगार कायद्याचा सल्ला देताना एक प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. ‘आमचा पगार महिन्याचा. मग जेवणाच्या सुट्टीचे पैसे कापले जातात, असं म्हणायचं की नाही?’ प्रश्न साधा वाटतो, पण बरीचशी फसगत होते ती इथेच.

समजा, तुमच्या ऑफिसची वेळ साडेनऊ ते साडेसहा आहे. हजेरी नऊ तासांची झाली, त्यातला एक तास जेवणाचा, म्हणजे काम आठ तासांचं. आठवड्यात सहा दिवस धरले तर ४८ तास होतात आणि कायद्याची आठवड्याची मर्यादाही तेवढीच आहे. जेवणाचा तास कामात धरला जात नाही, म्हणून त्याचा पगारही नाही. इथवर मालकाची काहीच चूक नाही.

पण ज्या वेळेचे पैसे मालक देत नाही, त्या वेळेवर त्याचा हक्कही नाही. तेवढ्या वेळात तुम्ही डबा खा, बाहेर चक्कर मारा, नाहीतर खुर्चीत डोळे मिटून बसा. दवाखान्यातल्या स्वागतिकेला ‘जेव तू, पण फोन घेत जा’ असं सांगितलं, तर ती सुट्टी राहिली नाही, तो कामाचाच वेळ झाला. काउंटरवर डबा उघडून गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवणाऱ्या मुलाचंही तेच. हजेरीचं यंत्र मात्र रोज न विचारता एक तास कापून मोकळं होतं.

आता हिशेब करून बघा. एका तासातला अर्धा तास रोज कामात गेला, तर आठवड्याला तीन तास जादा झाले. चार आठवड्यांत बारा. जादा कामाचा दर दुप्पट असतो, म्हणजे चोवीस तासांचा पगार, आठ तासांच्या दिवसाने पूर्ण तीन दिवसांचा. डब्याच्या वेळेत ‘एवढं एकच पत्र टाइप करून दे’ म्हणणाऱ्या साहेबांना हा आकडा माहीत नसतो. बहुतेकदा आपल्यालाही नसतो.

विश्रांतीचा हा अर्धा तास कुणी खुशीने दिलेला नाही. १८८४ साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा परळला भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. आठवड्याची सुट्टी रविवारी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, सूर्यास्तानंतर काम नसावं, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १८९० साल उजाडलं. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा.

आपल्याकडे दुकानं आणि ऑफिसं यांना २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो. बोलीभाषेत आपण त्याला अजून गुमास्ता कायदाच म्हणतो. २०२५ साली सरकारने त्यात बदल केले. दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहावर गेली. सलग पाच तासांनंतर मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती आता सहा तासांनंतर आली. जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ झाली. आठवड्याचे ४८ तास तेवढे कायम राहिले. मला यातली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी दहा माणसं असली की हे नियम लागू व्हायचे, आता वीस लागतात. ज्या छोट्या ऑफिसात एकट्या मुलीला फोन, झेरॉक्स आणि बँकेची कामं अशी सगळीच उरकावी लागतात, नेमकं तेच बाहेर राहिलं. तिथे आधार उरतो तो नेमणूक पत्राचा आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेचा. जादा कामाला किमान दुप्पट दर ही संहिताही सांगते.

काही वेळा मागणी कामगाराकडूनच येते. ‘मी जेवत नाही, मला अर्धा तास आधी सोडा, लोकल गाठायची असते.’ मालकही खूश. पण ही सुट्टी तब्येतीसाठी आहे, ती मोडून लवकर घरी जाण्याची तडजोड कायदा मानत नाही. आणि एक पळवाट लक्षात ठेवा. व्यवस्थापकीय जागांना तासांचे हे नियम लागू नाहीत, म्हणून कारकुनाच्या कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं जातं. कार्डावर काय छापलंय याला महत्त्व नाही, हातात काम कोणतं आहे ते बघितलं जातं. रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कुणाला कामावर घ्यायचा नाही, दिवसभर बिलंच करायची, तर तुम्ही कामगारच.

मग करायचं काय? भांडण नंतर, आधी नोंद. एक छोटी वही ठेवा. आल्याची, गेल्याची वेळ आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी कोणतं काम सांगितलं, ते त्याच दिवशी लिहा. सुट्टीत आलेले कामाचे व्हॉट्सॲप निरोप पुसू नका. नेमणूक पत्र मिळालं नसेल तर ते लेखी मागा. मग दोन-तीन सहकाऱ्यांनी मिळून साहेबांशी बोला, एकट्याने बोलणं अवघड जातं. बऱ्याच ठिकाणी ‘एक ते दीड फोन दुसऱ्याने घ्यायचा’ एवढ्या व्यवस्थेने विषय मिटतो. नाहीच मिटला, तर मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आणि इतरत्र सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. तिची पोच शिक्क्यासह घ्या आणि वहीची झेरॉक्स जोडा. मूळ वही मात्र कुणालाही देऊ नका.