गरोदरपणातील दातांची निगा



गरोदर स्त्रीच्या आहाराची व विश्रांतीची चौकशी घरातील सारेच करतात. तिच्या दातांची चौकशी मात्र क्वचितच होते. हिरडीतून रक्त आले तर ‘या दिवसांत असे व्हायचेच’ असे म्हटले जाते आणि ती माउली दुखणे मुकाट्याने सोसत राहते.

बाळ आईच्या दातांतील चुना ओढून घेते, ही समजूत निराधार आहे. आहारात कॅल्शियम कमी पडल्यास ते आईच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. हिरड्या सुजण्याचे कारण निराळे आहे. या काळात शरीरातील संप्रेरके वाढतात व दातांवर साचलेल्या किटणाने हिरड्या लवकर सुजतात. म्हणून रक्त येते या भीतीने दात घासणे बंद करू नये. मऊ ब्रशने सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात हलक्या हाताने स्वच्छ करावेत.

ओकारीबरोबर पोटातील आम्ल तोंडात येते व दातांचे कवच झिजते. अशा वेळी आधी साध्या पाण्याने चुळा भराव्यात. दात अर्ध्या तासानंतर घासावेत. मशेरी मात्र कटाक्षाने वर्ज्य करावी. ती तंबाखूच आहे आणि तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

गरोदरपणी दातांवर उपचार करू नयेत, हाही गैरसमज आहे. चौथा ते सहावा महिना उपचारास सोयीचा असतो. पण ठणका किंवा सूज असल्यास कोणत्याही महिन्यात दंतवैद्याकडे जावे व कितवा महिना आहे ते प्रथम सांगावे. मनाने औषधे घेऊ नयेत. टेट्रासायक्लीनसारख्या औषधाने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात, कारण दुधाच्या दातांची जडणघडण गर्भातच सुरू होते.

आपल्या हैदराबादेत १९५८ साली कुन्नूरहून आलेली राष्ट्रीय पोषण संस्था आहे, अफझलगंज येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे व सुलतान बाजारात शासकीय प्रसूती रुग्णालय आहे. २०१६ पासून पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी दातांची तक्रारही डॉक्टरांच्या कानी घालावी.

शिक्षकांनी ही माहिती पालकसभेत सांगावी, ग्रामसेवकांनी गावात पोचवावी. आणि घरातील सासूबाईंनी सुनेला एवढे अवश्य विचारावे : ‘मुली, दात दुखत नाही ना?’