मेडिकल फॉर्ममधला सातवा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही. आज नोकरी आणि मेडिक्लेमबद्दल बोलायचंय.

मला टाइप १ डायबिटीस आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका तीसेक जणांच्या स्टार्टअपमध्ये माझे तिन्ही राउंड झाले, पगारही ठरला. मग एचआरने मेडिकल फॉर्म पाठवला. सातवा प्रश्न: काही जुना आजार आहे का? मी खरं ते लिहिलं. चार दिवसांनी फोन आला, "बजेट सध्या होल्डवर आहे." पंधरा दिवसांत तीच जागा परत ऑनलाइन दिसली.

कारण माझा आजारच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. गोची तिथेच आहे. असं कोणी लेखी देत नाही.

आता हिशोब बघू. कंपनी सगळ्यांचा मिळून ग्रुप इन्शुरन्स काढते. त्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होतात. पण पॉलिसी दरवर्षी रिन्यू होते, आणि गेल्या वर्षी किती क्लेम झाले यावर नवा प्रीमियम ठरतो. समजा तीस जणांचा प्रीमियम तीन लाख आहे आणि एकाच माणसाचा क्लेम चार लाखांचा झाला. पुढच्या वर्षी आकडा वाढणारच. तीस हजारांच्या कंपनीत तोच क्लेम कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे आजार तोच, माणूस तोच, फक्त गल्ला लहान.

गंमत म्हणजे माझा रोजचा खर्च, इन्सुलिन आणि शुगरच्या स्ट्रिप्स, मी खिशातूनच करतो. अशा पॉलिसी मुख्यतः अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. भीती मात्र पूर्ण वर्षाची!

याला उपाय आपल्याकडेच आहे. ईएसआय बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. कारखान्यात कोण आजारी आहे, यावर हा टक्का बदलत नाही, कारण सगळ्या देशाचा गल्ला एकच आहे. म्हणून आजारी कामगार घेतला तरी मालकाचा वर्गणीचा दर तोच राहतो. आपल्या आयटीवाल्यांच्या पगाराला ते लागू नाही.

कायद्याचं काय? एचआयव्ही असलेल्यांशी नोकरीत भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत. डायबिटीस नाही.

मग करायचं काय? एक, फॉर्मवर खोटं लिहू नका, पण ऑफर लेटर हातात आल्यावरच तो भरतो असं नम्रपणे सांगा. दोन, नोकरी असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी काढा. तिथे जुन्या आजारासाठी वेटिंग असतं, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. तीन, तुम्ही स्वतः टीम लीड असाल, तर हा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारूच नका, आणि एचआरने तुमच्याशी विषय काढला तर "कामाशी याचा संबंध काय?" एवढं तरी विचारा.

पुढच्या कंपनीतही मी खरंच लिहिलं. हात थरथरत होता, कबूल करतो. तिथे घेतलं मला. कंपनी मोठी होती, एवढंच.

तुमच्यासोबत असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगू नका, चालेल. भेटू पुढच्या भागात!