चार फेऱ्यांचा हिशेब

मंडळी, आपल्या गावची पोरं पहाटे उठून धावतात. कशासाठी? पोलीस भरतीसाठी. तिथे मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. वेळ कमी लागला, की गुण जास्त. एकेका गुणासाठी नोकरी हुकते.

पोरगा धावून येतो. आपण विचारतो, "किती वेळ लागला रे?" तो म्हणतो, "५ मिनिटे ४० सेकंद." पण हा वेळ गेला कुठे, ते कुणी पाहिले?

आता असे करा. ४०० मीटरची फेरी आखा. मुलाच्या चार फेऱ्या, मुलीच्या दोन. घड्याळ घेऊन कडेला उभे राहा. प्रत्येक फेरीचा वेळ लिहा. समजा, मुलाचे आकडे आले ७०, ८५, ९५ आणि ९० सेकंद. बेरीज ३४०. म्हणजे तेच ५ मिनिटे ४० सेकंद.

यात काय दिसते? पहिल्या फेरीत गडी उधळला. तिसरीत दम संपला. त्याला नुसते "जोरात पळ" म्हणून भागायचे नाही. आधी सुरुवात आवरायला शिकवा. आठवड्यातून एक दिवस ८० सेकंदांची एक फेरी, मग थोडी विश्रांती, अशा चार फेऱ्या करू द्या. दमसास वाढायला इतर दिवशी सावकाश, लांब धावू द्या. एक दिवस विसावा हवाच.

तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा वेळ लिहा. जुने आकडे शेजारी ठेवा. फरक तुम्हांलाच दिसेल.

आता आपल्याला आकडे लिहिता येतात. ती विद्या पोरांच्या कामी आणा!