हातातली न्याहारी



आषाढ लागला की गोंदियाच्या धानाच्या मुलुखात रोवणीची एकच घाई उडते. कुडव्यासारख्या शहराला लागलेल्या गावात कोणी बांधीवर निघतं, कोणी गोंदियात कामाला. सगळ्यांचं आवरून देणारी बाई मात्र उपाशीच चिखलात उतरते. पोरांना शाळेत जेवण मिळतं खरं, पण ते दुपारी. तोवर फळ्याकडे लक्ष कसं लागावं?

यावर तोड आपल्याच घरात आहे. आपली सांबारवडी घ्या. तळायला तेल फार, वेळही फार. म्हणून ती तव्यावर भाजायची. रात्री तीळ नि खोबऱ्याचा कीस भाजून ठेवा. सांबार धुऊन कापडावर कोरडा करा. ओला राहिला तर पारी फुटते. सकाळी दोन वाट्या कणीक नि अर्धी वाटी बेसन घट्ट भिजवा. सांबार चिरून त्यात तीळ, खोबरं, तिखट, हळद घाला. मीठ मात्र भरतेवेळीच, नाहीतर सारणाला पाणी सुटतं. पुरी लाटून सारण भरा, घडी घालून कडा दाबा, आणि थोड्या तेलावर मंद आचेनं खरपूस भाजा. डझनभर वड्या होतात. पावसाळ्यात सांबार महागला, तर कोवळा तरोटा परतून, पाणी आटवून भरावा.

गुरुजींनी हे पालकसभेत जरूर सांगावं. आणि पुरुषांनो, पोळपाट-लाटणं आपल्याही हाताला जड नाही. तुम्ही लाटा, ती भाजेल. मग पहिली वडी तिच्या हातावर ठेवा.