राजवाड्यांतील इंग्रजीचे धडे

इ. स. 1862 च्या आरंभीं सिंगापूर येथें राहणाऱ्या एका विधवा शिक्षिकेस सयामचा राजा मोंगकुत याचें पत्र आलें. राजवाड्यांतील मुलांना इंग्रजी भाषा, शास्त्रें आणि वाङ्मय शिकवावें, अशी त्यांत विनंती होती. मात्र ख्रिस्ती धर्माचा प्रचार करूं नये, अशी स्पष्ट अटहि होती. या बाईचें नांव ॲना लिओनोवेन्स. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत पांच वर्षांच्या लुई या मुलाला बरोबर घेऊन ती बँकॉकला पोहोंचली. परदेशीं राहून तेथील लहान मुलांना इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय आज पुष्कळ तरुण-तरुणी करतात. त्या व्यवसायाचें मर्म या जुन्या हकीकतींत फार स्पष्टपणें दिसून येतें.

या बाईचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध थोड्यांनाच ठाऊक असतो. तिचा जन्म 1831 सालीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें झाला. बाप कंपनीच्या सैन्यांतील एक साधा सार्जंट. तो मुलीच्या जन्मापूर्वींच वारला. 1849 सालीं पुण्यास तिचें लग्न झालें आणि दहा वर्षांनीं पेनांग येथें तिला वैधव्य आलें. पुढें आयुष्यभर तिनें आपला जन्म वेल्समधील असल्याचें सांगितलें. लष्करी छावणींत वाढलेल्या गरीब सैनिकाच्या मुलीला तत्कालीन इंग्रज समाजांत प्रतिष्ठा मिळणें अवघड होतें, हें त्याचें कारण असावें. तिच्या मृत्यूनंतर सुमारें साठ वर्षांनीं, 1970 नंतरच्या दशकांत, चरित्रकारांनीं खरी गोष्ट उजेडांत आणली.

मोंगकुत राजा स्वतः विद्वान होता. सिंहासनावर येण्यापूर्वीं 27 वर्षें तो बौद्ध भिक्षु होता व त्या काळांत अमेरिकन मिशनऱ्यांकडून तो इंग्रजी शिकला होता. त्याच्या राज्याच्या एका बाजूस ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग इंग्रजांनीं 1852 सालीं घेतला होता. दुसऱ्या बाजूस फ्रेंचांनीं 1859 सालीं सायगाव जिंकलें होतें. 1855 सालीं इंग्रजांशीं झालेल्या तहानें सयामला परदेशी मालावर शेंकडा 3 हून अधिक जकात घेण्याची मुभा उरली नव्हती. अशा समयीं बलाढ्य शेजाऱ्याची भाषा न जाणणें राज्याला परवडणारें नव्हतें. त्यापूर्वीं मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यांतील स्त्रियांना शिकवीत असत; पण धड्यांबरोबर धर्मोपदेशहि होऊं लागल्यामुळें ती व्यवस्था टिकली नाहीं. पत्रांतील अटीमागें हा अनुभव होता. भाषा हवी, पण तिच्या पाठीमागून येणारा धर्म नको, असा राजाचा निश्चय होता.

वर्ग कसा चाले, याचें वर्णन ॲनानें 1870 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत आहे. वेबस्टरचें अंकलिपीसारखें पुस्तक पुढें ठेवून राजपुत्र व राजकन्या मुळाक्षरें मोठ्यानें म्हणत. मेजाच्या एका टोकाला बाई उभी असे. दुसऱ्या टोकाला खुर्चीवर चढून चिमुकला लुई आईची हुबेहूब नक्कल करीत आपल्या बाजूच्या मुलांना शिकवी. एकदां हिमाची गोष्ट निघाली. आकाशांतून पांढरें हिम पडतें, हें त्या उष्ण देशांतील मुलांना कांहीं केल्या पटेना. शब्द पाठ करणें सोपें असतें. न पाहिलेली वस्तु त्या शब्दांत पाहणें कठीण असतें. परक्या देशांत शिकविणाऱ्याला पावलोपावलीं ही अडचण येते.

याच पुस्तकांत राजाच्या अत्यंत लाडक्या कन्येची हकीकत आहे. तिचें नांव चंद्रमंडल. नांव संस्कृत, आणि तिला त्या भाषेचे धडेहि दिले जात. एके दिवशीं ही मुलगी बाईजवळ येऊन बसली आणि चित्र काढावयास शिकवा, म्हणून हट्ट धरूं लागली. संस्कृत तिला आवडत नसे. कारण चूक झाली कीं ती शिकविणारी बाई तिचा हात मागें पिरगाळी. इंग्रजी आवडे, कारण त्या पुस्तकांत सुंदर चित्रें होतीं आणि शिकविणारी बाई मायाळू होती. ही मुलगी 1863 सालीं आठव्या वर्षीं पटकीनें दगावली. राजाच्या शोकाला पारावार उरला नाहीं.

ॲनाच्या पुस्तकांतील पुष्कळ गोष्टी अतिरंजित आहेत, असा आक्षेप थायलंडांत व बाहेरहि घेतला गेला, आणि तो निराधार नाहीं. ती 1867 सालीं निघून गेली. तिचा शिष्य चुलालोंगकोर्न 1868 सालीं राजा झाला. त्यानें 1874 पासून टप्प्याटप्प्यानें गुलामगिरी कमी करीत 1905 सालीं ती संपुष्टांत आणली. या सुधारणेचें श्रेय इंग्रजीच्या धड्यांना देणें हा मात्र त्या राजावर अन्याय होईल. त्याच्याच काळांत राजवाड्यांत स्वभाषेची शाळा निघाली व इंग्रजीचीहि निघाली. एकीसाठीं दुसरी मोडावी लागली नाहीं.

लहान मूल भाषेची थोरवी पाहून भाषा शिकत नाहीं. शिकविणाऱ्या माणसाकडे पाहून शिकतें. म्हणूनच परभाषेच्या शिक्षकाची जबाबदारी मोठी: मुलाचा लोभ जडला, कीं त्याचा गैरफायदा घेऊन त्याला त्याच्या घरापासून तोडतां येतें. मोंगकुतची अट या धोक्याविरुद्ध होती. पण चंद्रमंडलेची गोष्ट आईबापांनाहि कांहीं सांगते. मुलाला परकी भाषा गोड लागली, तर तो त्या भाषेचा अपराध नव्हे. आपल्या भाषेचा धडा देतांना मुलाचा हात कोण पिरगाळीत आहे, हें आधीं घरांत पाहावें.