भूमीतील धन आणि हैदराबादेतील ज्ञान



मराठवाड्यातील जुन्या पिढीला हैदराबाद हे परके शहर नव्हते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि शिक्षण, व्यापार, कोर्टकचेरी यांसाठी लोकांची तिकडे नित्य ये-जा असे. पुढे सीमा बदलल्या. तरीही या शहराशी महाराष्ट्राचा एक नवा संबंध जुळला असून तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून अणुशक्तीवर वीज निर्माण होऊ लागली. तेथील अणुभट्ट्यांत जाणारे इंधन घडविण्याचे काम हैदराबादने केले आहे. भूमीतील दगडापासून अणुभट्टीतील इंधनापर्यंतचा हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

खनिजांचा शोध

१९४९ साली अणुखनिजांच्या शोधासाठी एक लहानसे पथक स्थापन झाले. नामवंत भूवैज्ञानिक डॉ. दाराशा नोशेरवान वाडिया यांनी त्याचे नेतृत्व केले. या पथकातूनच आजचे अणुखनिज संचालनालय वाढले आणि १९७४ पासून त्याचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे. भूगर्भाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था त्याआधीच, १९६१ साली, याच शहरात सुरू झाली होती.

खनिजाचा शोध म्हणजे गुप्तधनाचा शोध नव्हे. प्रथम विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून जमिनीतील किरणोत्साराची व चुंबकत्वाची मोजणी होते. मग भूवैज्ञानिक डोंगरदऱ्या पायी तुडवून खडकांचे नमुने गोळा करतात. जेथे आशा दिसेल तेथे यंत्राने खोल छिद्र पाडून खडकाचा दंडगोलासारखा गाभा वर काढतात व प्रयोगशाळेत तपासतात. अनेक ठिकाणी हाती काहीच लागत नाही. पण जेथे खनिज नाही ते कळणे हेही ज्ञानच होय.

आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तुम्मलपल्ले येथे युरेनियमचा मोठा साठा सापडला. तथापि तेथील एक टन दगडात अर्धा किलोहूनही कमी युरेनियम आहे. शिवाय तो खडक चुनखडीच्या जातीचा. चुन्यावर आम्ल टाकले की ते फसफसून वाया जाते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. म्हणून नेहमीची आम्लाची रीत सोडून सोड्यासारख्या क्षारांच्या साहाय्याने युरेनियम वेगळे करण्याची पद्धत योजावी लागली. साठा सापडला एवढ्याने तो उपयोगी पडत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

वाळूपासून धातू

१९७१ साली हैदराबादेत अणुइंधन संकुल उभे राहिले. युरेनियमचे चूर्ण दाबून त्याच्या लहान वड्या पाडतात व सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून त्या कठीण करतात. या वड्या ज्या नळ्यांत भरायच्या, त्यांचा धातू मात्र असामान्य असावा लागतो. त्याने उष्णता व गंज सोसावा, पण अणुभट्टीतील न्यूट्रॉन गिळू नयेत. असा धातू म्हणजे झिर्कोनियम. तो समुद्रकिनाऱ्यावरील वाळूतून मिळतो.

अडचण अशी की, निसर्गात झिर्कोनियमबरोबर थोडा हाफ्नियम नेहमी मिसळलेला असतो. दोघांचे गुणधर्म सख्ख्या भावांसारखे जुळणारे. परंतु हाफ्नियम न्यूट्रॉन अधाशीपणे शोषून घेतो. दोघांना विलग करून शुद्ध धातू काढणे व त्याच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ जाडीच्या नळ्या ओढणे, हे सारे काम या संकुलात होऊ लागले. अशा नळ्यांची जुडी बांधली की इंधन सिद्ध होते.

या कौशल्याचे मोल लवकरच कळून आले. १९६३ च्या करारानुसार तारापूरसाठी समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवीत असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडथळे आले, १९७८ मध्ये अमेरिकेने कडक कायदा केला आणि १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी स्वीकारली. पुरवठा करणारा देश बदलला. पण त्या युरेनियमपासून इंधन घडविणारे हात हैदराबादेतच होते. पुढे २००५ व २००६ साली तारापूरला सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या तर नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या व देशातच आखलेल्या आहेत.

हीच गोष्ट टायटॅनियमची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे त्याचे खनिज आढळते. लोखंडाच्या निम्म्याहून थोडेच अधिक वजन, पण मोठी ताकद, यामुळे विमान व अग्निबाण यांना हा धातू हवा असतो. तो काढण्याची पद्धत हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने विकसित केली व तिच्या आधारे २०११ साली केरळातील चवरा येथे कारखाना सुरू झाला. १९७३ साली स्थापन झालेल्या मिश्र धातू निगमात अशा धातूंना उपयुक्त रूप दिले जाते.

गावाचा हक्क

या कामाला दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे हिताचे नाही. खनिज ज्या जमिनीखाली असते, त्या जमिनीवर कोणाचे तरी शेत, विहीर किंवा जंगल असते. तुम्मलपल्लेच्या परिसरातील ग्रामस्थांनी विहिरींच्या पाण्याविषयी तक्रारी केल्या. नल्लमला अरण्यात युरेनियमचे उत्खनन होऊ नये, असा ठराव तेलंगण विधानसभेने सप्टेंबर २०१९ मध्ये संमत केला. अशा शंकांचे निरसन आश्वासनांनी होत नाही. काम सुरू होण्यापूर्वी पाणी व माती तपासून ठेवणे, पुढेही ठरावीक काळाने तपासणी करणे आणि तिचे निष्कर्ष गावाला गावाच्या भाषेत सांगणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते. ग्रामस्थांनीही सर्वेक्षण कशाचे आहे हे नि:संकोच विचारावे. शिक्षकांनी मुलांना गावच्या ओढ्यातील दगड आणि विहिरीत दिसणारे खडकांचे थर ओळखावयास शिकवावे.

हाफ्नियमचा सूक्ष्म अंश वेगळा काढणाऱ्या देशाला विहिरीच्या पाण्यातील दोष शोधून काढणे अवघड नाही. भूमीतून धन काढणारे ज्ञान त्याच भूमीच्या रक्षणासाठीही वापरले गेले, तरच ते धन खऱ्या अर्थाने लोकांचे होईल.